श्वासाचा जमाखर्च

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित सभेतील व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी व्याख्यानाचा विषय दान, तप अथवा शिक्षण यांपैकी असावा, अशी श्रोत्यांची स्वाभाविक अपेक्षा असते. हवेचे प्रदूषण हा विषय त्या मानाने रुक्ष. त्यात मृत्यूचे आकडे येणार, म्हणून काहींना तो अप्रासंगिकही वाटेल. परंतु माणूस अन्नावाचून काही आठवडे, पाण्यावाचून काही दिवस तग धरतो, आणि हवेवाचून केवळ काही मिनिटे. पहिल्या दोन गोष्टी उपवासाची परंपरा असलेल्या समाजाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. धान्य निवडून घ्यावे, पाणी गाळून घ्यावे, हा संस्कार घरोघरी आजही टिकून आहे. हवा मात्र जशी मिळेल तशी घेतली जाते. प्रौढ माणूस दिवसाकाठी सुमारे वीस हजार वेळा श्वास घेतो आणि दहा हजार लिटरांहून अधिक हवा फुप्फुसांत भरून सोडतो. एवढ्या मोठ्या आवकीची नोंद कोणत्याही वहीत होत नाही, हेच या विषयाचे मूळ दुखणे आहे.

ही नोंद करण्याचा पहिला मोठा प्रयत्न एका कापडव्यापाऱ्याने केला, हे ऐकून व्यापारी बांधवांना कौतुक वाटेल. लंडन शहरात सतराव्या शतकात जॉन ग्राँट नावाचा एक गृहस्थ फिती, गुंड्या, सुई-दोरा अशा किरकोळ मालाचा व्यापार करीत असे. ड्रेपर्स कंपनी या कापडव्यापाऱ्यांच्या संघाचा तो सभासद होता. विद्यापीठाचे शिक्षण त्याला नव्हते. त्या काळी लंडनमध्ये दर आठवड्याला मृत्यूंचे तक्ते छापून विकले जात. लोक ते विकत घेत, प्लेग वाढला की कमी झाला एवढे पाहत आणि फेकून देत. ग्राँटने अनेक वर्षांचे तक्ते जमवले, दुकानदाराच्या शिस्तीने त्यांच्या बेरजा-वजाबाक्या मांडल्या आणि १६६२ साली त्यावर एक छोटे पुस्तक प्रसिद्ध केले. लंडनमध्ये जितकी मुले जन्मतात त्याहून अधिक माणसे मरतात, आणि ही तूट खेड्यांतून येणारे लोक भरून काढतात, असे त्याला आढळले. शहराची हवा खेड्याच्या हवेपेक्षा आरोग्यास वाईट आहे आणि त्यात दगडी कोळशाच्या धुराचा वाटा आहे, असे त्याने लिहून ठेवले. लंडनच्या धुराने अनेकांचा जीव गुदमरतो, हेही त्याने नोंदवले. रॉयल सोसायटीसारख्या विद्वत्सभेने या दुकानदाराला सभासद करून घेतले, आणि असे आणखी व्यापारी सापडले तर त्यांनाही घ्यावे, असे खुद्द राजा दुसऱ्या चार्ल्सने सुचवले, अशी कथा आहे. आज ग्राँटला लोकसंख्याशास्त्राच्या आद्य पुरुषांत गणतात. हिशेब नीट ठेवण्याच्या सवयीतून शास्त्र कसे जन्माला येते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

हिशेब झाला, पण त्याची वसुली व्हायला जवळजवळ तीनशे वर्षे लागली. १९५२ सालच्या डिसेंबर महिन्याची गोष्ट. ५ तारखेच्या शुक्रवारी लंडनवर थंड, स्थिर हवेचा थर बसला. एरवी जमिनीलगतची हवा उबदार असते, ती वर जाते आणि धूर आपल्याबरोबर घेऊन जाते. त्या दिवशी खाली थंड हवा आणि वर उबदार हवा अशी उलटी स्थिती झाली. पातेल्यावर झाकण ठेवावे तसा प्रकार झाला. झाकणाखाली लाखो घरांच्या शेगड्या, कारखाने आणि वीजकेंद्रे कोळसा जाळीत होती. थंडी वाढली म्हणून लोकांनी आणखी कोळसा घातला. पिवळट काळे धुके इतके दाटले की माणसाला स्वतःचे पाय दिसेनात. बसगाड्या थांबल्या. एका नाट्यगृहात धुके आत शिरले आणि चालू प्रयोग बंद करावा लागला. जनावरांच्या प्रदर्शनासाठी आणलेली काही धष्टपुष्ट गुरे गुदमरून मेली. त्या मुक्या प्राण्यांच्या मृत्यूची बातमी लगेच झाली. माणसांचे मृत्यू मात्र कोणाच्या ध्यानी आले नाहीत. घरोघरी एखादा दमेकरी वृद्ध, एखादे तान्हे मूल जात होते, आणि प्रत्येक घराला ते आपल्यापुरते दुर्दैव वाटत होते.

९ तारखेला वारा सुटला, धुके पांगले, आणि मग नोंदणीच्या वह्या बोलू लागल्या. शवपेट्या पुरेनात, असे अंत्यविधीचे सामान पुरवणारे सांगू लागले. १३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यात बृहत् लंडनमध्ये ४,७०३ मृत्यूंची नोंद झाली. आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्यात हा आकडा १,८५२ होता. त्या धुक्याने सुमारे चार हजार बळी घेतले, असे प्रथम मानले गेले. पुढील आठवड्यांतही मृत्यू वाढलेलेच राहिले, तेव्हा सरकारने त्याचा दोष फ्लूच्या साथीवर टाकला. अर्धशतकानंतर, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या फेरतपासणीत हा आकडा सुमारे बारा हजारांपर्यंत जातो, असे दाखवण्यात आले. सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. शहराच्या ठरावीक भागांत धूर करणारे इंधन जाळण्यास बंदी आली, आणि घरोघरची शेगडी बदलण्यासाठी अनुदानही मिळाले. कायदा केवळ दंडाच्या भाषेत बोलला असता, तर गरिबाने थंडीत काय करावे हा प्रश्न उरला असता. अनुदानाची ही बाजू आपल्याकडील चर्चेत फारशी कोणी सांगत नाही.

लंडनचे ते धुके डोळ्यांना दिसत होते, नाकाला जाणवत होते. आजचे संकट त्याहून कपटी आहे. हवेतील जे कण अडीच मायक्रॉन अथवा त्याहून लहान असतात, त्यांना पीएम २.५ म्हणतात. माणसाच्या केसाच्या जाडीचा सुमारे तिसावा भाग, एवढाच त्यांचा आकार. जाड धूळ नाकात, घशात अडते, शिंक-खोकल्याबरोबर बाहेर पडते. हे बारीक कण थेट फुप्फुसांच्या वायुकोशांपर्यंत उतरतात आणि त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तात मिसळतात. म्हणून हवेचा विकार खोकल्यापुरता राहत नाही. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, दीर्घकालीन श्वसनरोध, फुप्फुसाचा कर्करोग, जन्मणाऱ्या बाळाचे कमी वजन, वाढत्या मुलांच्या फुप्फुसांची अपुरी वाढ, या सर्वांशी त्याचा संबंध सिद्ध झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला २०१२ साली आणि बाहेरील प्रदूषित हवेला २०१३ साली कर्करोगकारक म्हणून निश्चित केले. कधीही विडी-सिगारेट न ओढलेल्या, निर्व्यसनी, शाकाहारी माणसाला फुप्फुसाचा कर्करोग कसा होतो, या सात्त्विक घरांतून विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाच्या उत्तराचा एक भाग येथे आहे.

तरीही मृत्यूच्या दाखल्यावर ‘हवा’ हे कारण लिहिले जात नाही. तेथे हृदयक्रिया बंद पडणे, दमा, न्यूमोनिया असे शब्द असतात. याला जगातील पहिला अपवाद मानला जातो तोही लंडनचाच. एला किस्सी-डेब्रा ही नऊ वर्षांची मुलगी त्या शहरात एका मोठ्या वाहत्या रस्त्याजवळ राहत होती. दम्याच्या झटक्यांनी तिला तीन वर्षांत जवळपास तीस वेळा रुग्णालयात न्यावे लागले, आणि २०१३ साली ती गेली. पहिल्या चौकशीत हवेचा उल्लेखही नव्हता. तिच्या आईने ते मान्य केले नाही. मुलीचे झटके आणि जवळच्या मापनयंत्रावरील प्रदूषणाचे चढ यांची तारीखवार सांगड तज्ज्ञांनी घातली, जुना निर्णय रद्द झाला, आणि डिसेंबर २०२० मध्ये हवेचे प्रदूषण हे तिच्या मृत्यूचे एक कारण म्हणून अधिकृतपणे नोंदले गेले. ग्राँटच्या पुस्तकापासून त्या नोंदीपर्यंत ३५८ वर्षे लोटली. हे कष्ट एका मातेला उपसावे लागले; नोंदणी खात्याला ते सुचले नाहीत.

भारताचा आकडा याहून कितीतरी मोठा आहे. ‘लॅन्सेट’च्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात देशात सुमारे १६ लाख ७० हजार मृत्यू हवेच्या प्रदूषणाशी निगडित होते. देशातील एकूण मृत्यूंच्या हे १७.८ टक्के. अकाली मृत्यू व आजारपणामुळे बुडालेल्या उत्पादनाची किंमत त्याच अभ्यासाने सुमारे २ लाख ६० हजार कोटी रुपये, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या १.३६ टक्के काढली आहे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला ताळेबंद शिकवताना सांगतात की प्रत्येक नावेला जमेची बाजू असते. मग हे अडीच लाख कोटी कोणाच्या खात्यावर नावे पडले? ज्याने धूर सोडला त्याच्या पुस्तकात तर ते दिसत नाहीत. ते पडले रिक्षावाल्याच्या, रस्ता झाडणाऱ्या भगिनीच्या, वीटभट्टीवरील मजुराच्या घरखर्चात, औषधांच्या बिलांच्या रूपाने.

या बाबतीत वस्त्रव्यवसायाने स्वतःकडेही पाहिले पाहिजे. मुंबईच्या कापडगिरण्यांत ब्लो रूम आणि कार्डिंग खात्यांत कापसाची बारीक तूस उडत असे. ती वर्षानुवर्षे छातीत जाऊन ‘बायसिनोसिस’ नावाचा विकार होतो. त्याची खूण विलक्षण आहे: साप्ताहिक सुट्टीनंतर कामावर परतलेल्या दिवशीच छाती अधिक आवळते. गिरणीचे भोंगे थांबले, पण यंत्रमाग, सायझिंग आणि प्रोसेसचे उद्योग अनेक गावांत आहेत व त्यांच्या बॉयलरमध्ये कोळसा आणि लाकूड जळते. या धुरावर उपाय नाही असे नव्हे. बॅग फिल्टर या साधनात विशिष्ट कापडाच्या लांब पिशव्यांतून धूर गाळला जातो आणि बहुतेक सर्व धूळ पिशवीतच अडते. पाणी गाळण्याच्या गाळण्याचेच हे मोठे भावंड म्हणावे. त्याची किंमत कापडाच्या मीटरमागे धरली, तर भाव थोडा वाढेल. बाजार तो थोडा भाव देण्यास कुरकुरतो, हे येथे बसलेल्या बहुतेकांना ठाऊक आहे.

‘हे दिल्लीचे संकट, महाराष्ट्राला समुद्र आहे, वारा आहे’ हा समज आता सोडावा लागेल. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेचा दर्जा प्रमाणाबाहेर घसरलेल्या शहरांच्या त्या यादीत मुंबई, पुणे, नागपूर यांच्याबरोबर सोलापूर, कोल्हापूर, सांगली, जालना, जळगाव, लातूर, अकोला, अमरावती आणि चंद्रपूर ही नावे आहेत. यांतील कित्येक गावांत समाजाची मंदिरे, पाठशाळा, वसतिगृहे आहेत. मुंबईत २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये हवा इतकी बिघडली की उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, आणि महापालिकेने बांधकामांसाठी नियमावली काढली. भोवती उंच पत्रे उभारावेत, इमारतीला हिरवे कापड अथवा ताडपत्री लावावी, धुळीवर पाणी मारावे, असे तीत सांगितले होते. बांधकाम व्यवसायातही समाजबांधव आहेत. तो पत्रा आणि ते कापड निरीक्षक येण्याच्या दिवसापुरते राहू नये, इतकेच म्हणणे आहे. भारताच्या २००९ च्या मानकांनुसार पीएम २.५ ची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम ठरली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हीच मर्यादा ५ वर आणली. ‘प्रमाणात आहे’ असे जेव्हा ऐकू येते, तेव्हा कोणत्या प्रमाणात, असे विचारण्याची सवय असावी.

एक प्रश्न वारंवार विचारला जातो: तोंडाला रुमाल बांधला तर भागते का? पुण्यात दुचाकीवरील मुली चेहऱ्याला ओढणी गुंडाळून जातात. उन्हापासून आणि जाड धुळीपासून तिने थोडा आडोसा होतो. पण साध्या विणीच्या सुती कापडात उभ्या-आडव्या धाग्यांमधील जागाच या कणांच्या अनेक पटींनी मोठी असते. एन-९५ मुखपट्टी विणलेली नसते. तिच्यातील बारीक तंतूंच्या थरावर विद्युतभार असतो, आणि तो कणांना ओढून धरतो. तीही नाकाशी घट्ट बसली तरच उपयोगाची. मुहपत्ती म्हणजे मास्कचा पूर्वज, असे अलीकडे काही उत्साही मंडळी सांगतात. हा मोह टाळावा. मुहपत्ती स्वतःच्या रक्षणासाठी नाही. आपल्या श्वासोच्छ्वासाने वायुकायादी जीवांना बाधा होऊ नये, यासाठी ती आहे. मास्क विचारतो, माझ्या आत काय येते. मुहपत्ती विचारते, माझ्यापासून बाहेर काय जाते. या विषयात दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे.

त्याच प्रश्नाने घराकडे पाहू गेल्यास काही गोष्टी चटकन दिसतात. चुलीचा धूर हा स्त्रियांचा आणि त्यांच्या कडेवरील मुलांचा शत्रू. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने गॅसजोडण्या खेड्यांत पोचल्या, तरी सिलिंडर भरण्याइतके पैसे नसले की चूल पुन्हा पेटते. बंद खोलीतील धूप-अगरबत्तीचा धूर सुगंधी असला तरी धूरच आहे. खिडकी उघडली तर पूजेत काही उणे पडत नाही. आणि मच्छर अगरबत्ती? २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एक कॉइल जळल्याने ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण हवेत येतात असे आढळले. अहिंसेचे व्रत घेतलेल्या घरात ती कॉइल मुळात कशी आली, हा वेगळा प्रश्न. मच्छरदाणी हा कापडाचाच उपाय आहे, आणि त्यात डासही वाचतो.

दिवाळी हा भगवान महावीरांचा निर्वाण दिन. त्या पहाटे मंदिरात निर्वाण लाडू अर्पण होतो, आणि अदल्या रात्री त्याच गल्लीत बेरियमच्या हिरव्या व स्ट्रॉन्शियमच्या लाल रंगाची रोषणाई होऊन पहाटेपर्यंत धूर रेंगाळत असतो. फटाक्यांच्या वेळा आणि प्रकार यांवर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बंधने घातली. फटाके न उडवण्याची शपथ अनेक पाठशाळांतील मुले घेतात आणि पाळतात. अडचण मोठ्यांची आहे. लग्नाची वरात आणि दुकानाचे उद्घाटन यांत फटाक्यांची माळ लावताना त्या शपथेची आठवण कोणी देत नाही.

आता एक नाजूक विषय. तो टाळला असता तर हे व्याख्यान अपुरे राहिले असते. २०२५ साली मुंबईत कबुतरखान्यांवरून मोठा वाद झाला. दादरचा कबुतरखाना झाकला गेला, समाजबांधव रस्त्यावर आले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. मुक्या जीवाला दाणा घालण्यामागील करुणा खरी आहे. तिची टिंगल करणाऱ्यांना ती कळलेली नाही. परंतु वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची बारीक धूळ काही माणसांच्या फुप्फुसांत दाह निर्माण करते, आणि तो वेळीच ओळखला नाही तर फुप्फुस कायमचे आकसते, हेही वैद्यकाने निश्चित केलेले सत्य आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, देशभरातील १,०८४ रुग्णांच्या नोंदणीत फुप्फुसे आकसवणाऱ्या विकारांपैकी जवळपास निम्मे याच जातीचे होते. सारा दोष पारव्यांच्या माथी मारता येत नाही; त्याच नोंदणीत एअर कूलरचा संबंध ठळकपणे आढळला. उन्हाळ्यात कूलरच्या ओल्या जाळीवर बुरशी धरते आणि पंखा ती घरभर उडवतो. कूलरची जाळी दर वर्षी बदलावी, आणि दाणा घालायचा तर वस्तीपासून दूर, मोकळ्या जागी घालावा. पांजरापोळ गावाच्या मध्यभागी नसतो, म्हणून तेथील जीवदया कमी ठरत नाही. खिडकीखालच्या कबुतरखान्यामुळे ज्या शेजाऱ्याला रात्री ऑक्सिजनचे यंत्र लावून झोपावे लागते, तोही पंचेंद्रिय जीव आहे.

ट्रस्टने गेल्या पन्नास वर्षांत जे केले, त्याचे वर्णन या स्मरणिकेच्या अन्य पानांवर येईलच. पुढील कामाविषयी एक सूचना आहे, आणि ती खर्चाची नाही. दर वर्षीच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब आणि साखर तपासली जाते. त्यात फुंकर मारून श्वासाचा जोर मोजण्याचे साधे पीक-फ्लो मीटर ठेवावे. ते हातात मावते आणि विजेवाचून चालते. एक जाड वही करावी. तीत नाव, वय, उंची, व्यवसाय, घर रस्त्यालगत की आत, स्वयंपाक गॅसवर की चुलीवर, घरात कूलर व कबुतरे आहेत का, आणि तीन फुंकरींतील सर्वांत मोठा आकडा, एवढे रकाने असावेत. पाठशाळेतील मुलांची फुंकर वर्षातून दोनदा, पावसाळ्यात आणि पौष महिन्यात, घ्यावी. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा हवेचा निर्देशांक २०१५ पासून दररोज मोफत पाहता येतो. जवळच्या केंद्राचा त्या दिवसाचा आकडा शेजारच्या रकान्यात लिहावा. तो दोनशेच्या वर गेला की मंदिराच्या फळ्यावर तिथीखाली तोही लिहावा, म्हणजे दमेकरी ज्येष्ठ त्या दिवशी पहाटेचा फेरफटका पुढे ढकलतील. आकड्यांचा अर्थ लावण्याचे काम समाजातील डॉक्टर मंडळींचे. वही लिहिण्याचे काम युवक मंडळाने घ्यावे, आणि तिचे पहिले पान या वर्षीच्या वहीपूजनाच्या दिवशी उघडावे.